दिवसाचा तांब्या

चैत्राचं ऊन चौकात उतरेपर्यंत राजूबाईच्या आठ भाकरी झाल्या होत्या आणि ती तिसऱ्यांदा चुलीपुढून उठली होती. उठायची, भिंतीला टेकायची, गुडघ्याला गुडघा घट्ट लावून डोळे मिटायची आणि पुन्हा येऊन परातीपुढं बसायची. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपायची. तिची सासू सोजराबाई उंबऱ्यात तूर निवडत होती. तिनं तिन्ही वेळा पाहिलं आणि तिन्ही वेळा मान खाली घातली. त्या उभं राहण्याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायला नको होता.

“कामून उठायलीस सारकी?” तरीही तिनं विचारलं. सासू म्हटल्यावर विचारावं लागतं.

“काई न्हाई, आत्याबाई.”

“उन्हाळी लागली व्हय?”

राजूबाईनं परातीतलं पीठ पुढं ओढलं. अठरा वर्षांची पोर, पहिलटकरीण, पाचवा महिना. अशा गोष्टीला हो कसं म्हणायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ. घडीघडीला लागल्यासारखं होतं, गेलं तर दोन थेंब येतात, आणि ते दोन थेंब निखाऱ्यासारखे येतात. ज्या बाईला ती लागली आहे तिला याहून जास्त सांगायला नको, आणि ज्या पुरुषानं ती कधी पाहिली नाही त्याला कितीही सांगितलं तरी कमीच.

“पानी कमी पी,” सोजराबाई म्हणाली. “कमी प्यालीस तर कमी जावं लागंल. कमी गेलीस तर कमी जळंल.”

हिशेब ऐकायला बिनचूक होता. सोजराबाईला तो तिच्या सासूनं दिला होता, सासूला तिच्या सासूनं. तीन पिढ्यांत तो कुणी पडताळून पाहिला नाही, कारण ज्यांच्या जिवावर तो चालला होता त्यांनी या विषयावर तोंड उघडायचं नाही असा त्या घरचा रिवाज होता.

निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे त्रेपन्नचं, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चव्वेचाळीसचं साल होतं. भालकी तालुक्यातल्या मेहकर गावी आप्पाराव पाटलांच्या या घराला एकच दार होतं. रस्त्यावरून आत आलं की ढेळज, ढेळजेत दोन्ही बाजूंना ओटे, ओट्यांवर दिवस उगवल्यापासून पुरुषमाणसं. आणि ती ओलांडली की चौक, स्वयंपाकघर आणि बायका. परसाला पांढऱ्या मातीची पुरुषभर उंच भिंत. तिथलं दार कधीकाळी दरोडेखोरांच्या भयानं बुजवलं होतं. दरोडेखोर गेले, त्यांची नावंही लोक विसरले, पण दार काही कुणी पुन्हा पाडलं नाही. बायकांना बाहेर जायचं तर ढेळजेतून, माणसांच्या पुढ्यातून, हातात तांब्या घेऊन जावं लागे. पाटलाचं घर गोषाचं, बायकांनी परक्या पुरुषाच्या नजरेला पडायचं नाही. म्हणून सुनांनी पहाटे माणसं उठायच्या आत एकदा जाऊन यायचं आणि दिवेलागणीला माणसं जेवायला आत आली की दुसऱ्यांदा. मधल्या बारा-तेरा तासांचं काय, हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. न्हाणी होती, पण ती देवघराला लागून. तिथं पाय धुवायचे, अंघोळ करायची, दुसरं काही नाही.

आणि या छळाचा केवढा अभिमान! सोयरीक जुळवताना माणसं सांगत, “पाटलाच्या सुनंचा तांब्या दिवसा दिसत न्हाई.” पंचक्रोशीत हे वाक्य एखाद्या दागिन्यासारखं फिरे. लेकीचे बाप ते ऐकून मान डोलवत आणि लेक देऊन मोकळे होत.

सोजराबाई या घरात आली तेव्हा तेरा वर्षांची होती. पहिल्याच उन्हाळ्यात तिला हे दुखणं लागलं आणि जे पाहुण्यासारखं आलं ते पुढं घरच्यासारखं राहिलं. दोन महिने बरे जायचे, तिसऱ्या महिन्यात पुन्हा. दोन पोरं सातव्या महिन्यात गेली. एक राघोबा जगला, राजूबाईचा नवरा, तो आता गुलबर्ग्याच्या गिरणीत होता. या तेहतीस वर्षांत तिनं आपलं दुखणं नवऱ्याला, आप्पारावांना, सांगितलं नाही. आपल्यासारखं दुसऱ्या कुणाला होतं का, हेही कधी विचारलं नाही. बाईच्या वाट्याचं असतं काहीतरी, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

शेणपाण्याला येणाऱ्या सिद्धव्वानं मात्र राजूबाईकडं एकदा पाहिलं आणि पाटी खाली ठेवली.

“अक्का, ह्ये उरीमूत्र हाय,” ती म्हणाली. तिच्या घरात कानडी, बाहेर मराठी. “पानी पाजवा लई. धन्याचं पानी पाजवा. आन् लागलं की जाऊ द्या तिला.”

“कुठून जाऊ देऊ? ढेळजंतून?”

सिद्धव्वानं पाटी पुन्हा उचलली. तिच्या झोपडीला ढेळजच नव्हती. तिच्या लेकीसुनांना उन्हाळी लागत नव्हती असं नाही, पण त्या बांधाआड कधीही बसत, तहान लागली की पाणी पीत, आणि बहुतेक वेळा चार दिवसांत दुखणं आपल्या वाटेनं जाई. गरिबाला अब्रू परवडत नाही म्हणतात. त्या एका बाबतीत ते त्यांच्या पथ्यावरच पडलं होतं.

सोजराबाईनं धने भिजत घातले. निर्दय नव्हती ती. पण राजूबाई ते पाणी वाटीभर प्याली आणि बाकीचं तिनं तुळशीत ओतलं. प्यालं की जावंसं वाटणार, आणि दिवेलागणीला अजून पाच तास होते.

पाचव्या दिवशी तिला थंडी भरली. दोन घोंगड्या टाकल्या तरी दात वाजत होते. अंग तव्यासारखं तापलं. उजव्या कुशीत, पाठीच्या बाजूला हात लावू देईना. घोटभर पेज दिली ती उलटून पडली. सोजराबाई घाबरली. त्या दिवशी भालकीचा बाजार होता आणि आप्पाराव निघण्याच्या तयारीत होते. तिनं दाराआडून, भिंतीकडं तोंड करून कसंबसं सांगितलं, की सुनेला लघवीला जळायलंय, हकीमाकडून काही आणा. तापाचं सांगायचं तिच्या जिभेवर होतं, पण पहिलं वाक्यच एवढं जड गेलं की दुसऱ्याला बळ उरलं नाही. आप्पारावांनीही फेटा बांधता बांधता दुसरीकडं पाहिलं.

आप्पाराव माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, कुणीतरी त्यांच्या शब्दावर शंका तरी घेतली असती. बायकोवर हात उचलला नाही, खोटी साक्ष दिली नाही, कुणाचा बांध कोरला नाही. भालकीच्या बाजारात बसणाऱ्या म्हाताऱ्या हकीमसाहेबांपुढं ते गर्दी सरेपर्यंत ताटकळले आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, की घरातल्या बाईला पेशाबची तक्रार आहे. हकीमसाहेबांनी विचारलं, ताप आहे का. आप्पारावांना माहीत नव्हतं.

“मसाने में गरमी है, पटेल,” हकीमसाहेब पुडी बांधता बांधता म्हणाले. “पानी पिलाओ, खूब पिलाओ. बुखार आया तो दवाखाने ले के जाओ.”

आप्पारावांनी यातला एकच शब्द ऐकला. हकीमाच्या तोंडी गरमी म्हणजे नुसती उष्णता, आंबा जास्त खाल्ला की पोटात होते तशी. आणि मसाना म्हणजे लघवीची पिशवी. मराठी घरात मात्र गरमी म्हणजे तो रोग, ज्याचं नाव बायकांसमोर घेत नाहीत, जो नको त्या घरी जाणाऱ्या पुरुषाला होतो आणि त्याच्याकडून बाईला. आप्पारावांना कचेरीपुरती उर्दू येत होती. जमिनीच्या कागदाचा शब्द न् शब्द ते लावत. पण दुखण्याची नावं त्यांना फक्त मराठीतून ठाऊक होती. गरमी हा शब्द कानात शिरला आणि पुढचं सगळं बाजाराच्या गलबल्यात गेलं असंच म्हणायला हवं. येताना पुलावर त्यांनी ती पुडी नदीत टाकली. असल्या रोगाची पुडी फेट्यात ठेवून घरी न्यायची त्यांना शिसारी आली.

घरी येताच त्यांनी सोजराबाईला धान्याच्या खोलीत बोलावलं.

“तिला गरमी झालीया.”

सोजराबाईला आधी कळेचना.

“हकीम सवताच्या तोंडानं बोलला. राघोबा शिवरातीला येऊन गेला, त्येला काई न्हाई. मग हिला आली कुठून?”

इथं सोजराबाईनं बोलायला हवं होतं. वाचणाऱ्याला वाटेल, एवढं सोपं वाक्य, बोलून का टाकलं नाही? अहो, ही उन्हाळी आहे, मलाही होते. पण तिच्या मनात पहिला विचार राजूबाईचा आलाच नाही. आला तो स्वतःचा. हिला झालं ती गरमी असेल, तर मला तेहतीस वर्षं आहे ते काय? आणि माझं ऐकून हा माणूस मलाही विचारील का, की कुठून आली? तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

“मला काय ठावं,” ती म्हणाली.

त्याच दिवशी राजूबाईचं ताट-वाटी वेगळी झाली. तिला गोठ्याशेजारच्या कडब्याच्या खोलीत हलवलं आणि तिच्या बापाला, श्रीपतरावांना, ठाणाकुशनूरला सांगावा गेला की लेकीला घेऊन जा. कारण सांगाव्यात घातलं नाही, पण सांगावा नेणाऱ्याला ते माहीत होतं, म्हणजे वाटेवरच्या सगळ्या गावांना माहीत झालं.

राजूबाईला ते सिद्धव्वाकडून कळलं. सोजराबाई पेज घेऊन गेली तेव्हा ती कडब्याला पाठ लावून बसली होती. ओठ फुटले होते, डोळे तापानं लाल.

“आत्याबाई, म्या काय बी केलं न्हाई.”

“ठावं हाय मला.”

“मग मामंजीला सांगा की. तुमाला बी हुतंय ह्ये. म्या बगितलंय तुमाला, भिंत धरून हुबं ऱ्हायलेलं.”

सोजराबाईनं पेजेची वाटी खाली ठेवली. आपल्याला कुणी पाहिलं असेल असं तिला तेहतीस वर्षांत वाटलं नव्हतं.

“सांगते,” ती म्हणाली.

त्या दिवशी ढेळजेत माणसं होती म्हणून राहिलं. दुसऱ्या दिवशी आप्पाराव जेवले नाहीत, म्हणून तिनं विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी राजूबाई काही बोललीच नाही, नुसती कण्हत होती. चौथ्या दिवशी श्रीपतरावांची गाडी दाराशी उभी राहिली. चार दिवस सोजराबाई ‘सांगते’ या एका शब्दावर बसून राहिली.

श्रीपतराव ढेळजेत बसले नाहीत. आप्पारावांनी त्यांना बाजूला नेऊन काय ते सांगितलं. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता. गाडीला पडदा बांधला, लेकीला आत घातलं, पण ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. राजूबाईला आई नव्हती, गाडीत दुसरं बाईमाणूस नव्हतं. तेव्हा सोजराबाई अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर आली आणि गाडीत चढली.

“पोटुशी बाई हाय, संगं बाई पायजे,” एवढंच ती म्हणाली. आप्पाराव बघत राहिले. माणसांपुढं बायकोला गाडीतून उतरवणं त्यांच्या अब्रूत बसत नव्हतं.

गाडीचा प्रत्येक हिसका राजूबाईच्या कुशीत बसत होता. थोड्या वेळानं ती म्हणाली, “आत्याबाई, गाडी थांबवा, मला जायचंय.” सोजराबाईनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. शेतात माणसं मळणी करत होती. आणि हे लिहितानाही हात थांबतो, पण ती म्हणाली, “दम धर जरा, म्होरं झाड येऊ दे.” झाड यायला कोसभर लागलं. सवय इतकी हाडात मुरलेली असते की जीव जायला लागला तरी आधी तीच बोलते. झाडाखाली राजूबाईला उतरवलं तेव्हा लघवीतून रक्त आलं. ते पाहिल्यावर मात्र सोजराबाईच्या तोंडून शब्द फुटला. ती पडदा सारून गाडीवानाला म्हणाली, कुशनूर राहू दे, आधी वाटेवरचा सरकारी दवाखाना गाठ.

दवाखान्यात नलिनीबाई नावाच्या शिकलेल्या सुईणबाई होत्या. चाळिशीच्या, हैदराबादेत शिकून आलेल्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. त्यांनी राजूबाईच्या कुशीवर हलकेच हात ठेवला आणि ती किंचाळली.

“किती दिवस झाले हे सुरू होऊन?” त्यांनी विचारलं.

“तेहतीस वरसं,” सोजराबाई म्हणाली.

नलिनीबाईंनी मान वर केली. सोजराबाईही आपल्याच शब्दांनी दचकली. “हिला न्हाई,” ती घाईनं म्हणाली. “हिला नऊ दिस झाले. मला तेहतीस वरसं.” मग तिनं जीव मुठीत धरून विचारलं, “बाई, गरमी हाय का ही?”

कुणी सांगितलं, कसं सांगितलं, ते सगळं नलिनीबाईंनी तिच्याकडून काढून घेतलं. त्या हसल्या नाहीत. स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या.

“हकीमसाहेब आपल्या भाषेत बरोबर बोलले असतील. ऐकणाऱ्यानं भलतंच ऐकलं. यात कुणाच्या चालीचा काही संबंध नाही, सोजराबाई. लघवीच्या पिशवीत जंतू शिरतात. बायकांची वाट आखूड, म्हणून बायकांना जास्त. पाणी प्यालं नाही, लघवी दिवसभर अडवून धरली, की त्यांना वाढायला आयतं घर मिळतं. मग ते वर मूत्रपिंडांपर्यंत चढतात. थंडी वाजून ताप येतो तो त्यामुळं. पोटुशीला तर फार लवकर.”

“वाचंल न्हवं?”

“चार दिवस आधी आणली असतीत तर मी हो म्हणाले असते.”

डॉक्टरांनी जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्या दिल्या. लढाईचे दिवस, गोळ्या मोजक्याच येत. दवाखान्यात होत्या त्यांतल्या एकही हातची राखली नाही. नलिनीबाई चमच्या चमच्यानं पाणी पाजत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पोर पडलं. मुलगा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी राजूबाईचा ताप किंचित उतरला, तिनं डोळे उघडले आणि सासूचा हात चाचपला.

“मामंजीला सांगितलं?”

“सांगितलं,” सोजराबाई म्हणाली.

“काय म्हनले?”

“म्हनले, चुकी झाली. पोरगी निर्मळ हाय म्हनले.”

राजूबाईच्या तोंडावर जरा सुटल्यासारखं दिसलं. त्या खोट्यावर विश्वास ठेवून ती दुपारी गेली.

ओसरीवर श्रीपतराव गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. सोजराबाईनं त्यांच्यापुढं बसून सगळं सांगितलं, स्वतःचं दुखणंसुद्धा. व्याह्यापुढं असं बोललेली ती त्या मुलखातली पहिलीच बाई असेल. श्रीपतरावांनी डोकं वर केलं. मग म्हणाले, “वाटंनं तिनं दोनदा हाक मारली मला. म्या वळून बगितलं न्हाई.” आप्पारावांचा निरोप आला होता की तिकडंच उरका. श्रीपतराव लेकीला ठाणाकुशनूरला घेऊन गेले.

सोजराबाई परत निघण्याआधी नलिनीबाईंनी तिलाही तपासलं, नव्या गोळ्या आल्या की न्यायला बोलावलं आणि बजावून सांगितलं, की त्या गोळ्या बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं. लागली की जायचं, अडवायचं नाही. धुताना पुढून मागं धुवायचं, मागून पुढं कधीच नाही. नवऱ्याजवळून उठलं की आधी जाऊन यायचं. हे सगळं करूनही कधी लागतंच, पण जळजळ दोन दिवसांत हटली नाही, ताप आला, कुशीत दुखलं, लघवीला रक्त आलं, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि पोटुशी असेल तर जळजळ सुरू झाली त्याच दिवशी. सोजराबाई प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवत होती. मध्येच थांबून म्हणाली, “बाई, इतकंच हुतं व्हय?”

लोकांच्या तोंडासाठी आप्पारावांनी तेरावा घातला. राघोबा गुलबर्ग्याहून आला. बापानं त्याला काही विचारलं नाही, पण घरात त्याचा पेला वेगळा ठेवलेला त्याला दिसला आणि त्यानं काय ते ओळखलं. बायकोवर संशय घ्यावा की बापानं आपल्यावर घेतलाय असं समजावं, हे त्या पोराला कळत नव्हतं. जेवणं उरकली, ढेळजेत पानाचं तबक फिरलं. सोजराबाई आत उष्टी काढत होती. ढेळजेतला शब्द न् शब्द आत ऐकू येई.

भावकीतले एक वडीलधारे म्हणाले, की झालं ते बरंच झालं, नावाला डाग लागायच्या आत गेली. दुसऱ्यानं लगेच हळ्ळीखेडच्या एका मुलीचं नाव काढलं. सोळा वर्षांची, घराणं तोलामोलाचं, बाप विचारत होता. आणि तो हसून म्हणाला, “त्येला सांगितलंय म्या, पाटलाच्या सुनंचा तांब्या दिवसा दिसत न्हाई.”

सोजराबाईनं हातातली ताटं खाली ठेवली. तेरा दिवस ते एक खोटं तिच्या उरावर बसलं होतं. आपण मरत्या पोरीला सांगितलं एक आणि घरात चाललंय दुसरंच, हे तिला आता सोसवेना. ती पदर डोक्यावर घेऊन भरदुपारी ढेळजेत आली. माणसं चपापून पाय आवरती झाली.

“हळ्ळीखेडच्या पोरीचं बोलायच्या आदी माजं ऐका,” ती म्हणाली. “राजूला गरमी न्हवती. उन्हाळी हुती. मला बी हाय. ह्या घरात आले त्या सालापास्नं हाय. तिला गरमी म्हनायची आसंल तर मला बी म्हना.”

कुणी खोकलं. आप्पारावांचा चेहरा काळा पडला होता.

“आत जा,” ते म्हणाले.

“जाते. हकीमानं गरमी म्हनल्यावर फुडं काय सांगितलं, तेवढं ह्यांच्याम्होरं सांगा.”

आप्पाराव तबकाकडं बघत राहिले. खोटं त्यांना येत नव्हतं, त्या दिवशीही आलं नाही.

“पानी पाजा म्हनला,” ते हळू म्हणाले. “लई पाजा म्हनला. ताप आला तर दवाखान्यात न्या म्हनला. पुडी दिली हुती.”

“कुठं हाय पुडी?”

“नदीत टाकली.”

राघोबा उठून उभा राहिला आणि भिंतीकडं तोंड करून रडायला लागला. आप्पारावांनीच शेवटी विचारलं, “चार मानसांत ह्ये बोलायचं हुतं का तुला?”

“तवा तुमच्या एकट्याम्होरं बोलाया पायजे हुतं,” सोजराबाई म्हणाली. “बोलले न्हाई म्हनून ती गेली. तुमी पुडी टाकली, म्या तोंड मिटलं. दोगांनी मिळून मारलं तिला. आता परसाच्या भितीला दार पाडा, भायेर आडोसा करा. तवर ह्या घरात सून येनार न्हाई. कुनी आनाया गेलं तर म्या हळ्ळीखेडला जाऊन पोरीच्या मायला समदं सांगते.”

ती आत गेली. हळ्ळीखेडचं नाव त्या दिवशी पुन्हा निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी राघोबानं कुदळ घेतली. भिंत जुनी, चिवट होती. दोन दिवस लागले. आप्पारावांनी त्याला अडवलं नाही आणि हातही लावला नाही. दाराबाहेर कुडाचा आडोसा झाला, खड्डा झाला, पाण्याचा रांजण ठेवला. आप्पाराव महिनाभर बायकोशी बोलले नाहीत. एकदा मात्र सोजराबाईला ते त्या नव्या दाराशी नुसतेच उभे राहिलेले दिसले. गावानं पाटलीणबाईला वेड लागल्याचं ठरवलं. तांब्याचं ते कौतुकाचं वाक्य काही घरांत बंद पडलं, काही घरांत अजूनही चालू आहे. एका दारानं मुलूख सुधारत नाही, हे सांगायला नकोच.

पण बायका यायला लागल्या. एकेकट्या, कुणी विरजणाच्या निमित्तानं, कुणी चाळणी मागायला. उगाच इकडचं तिकडचं बोलायच्या आणि निघताना उंबऱ्यात थांबून, खाली बघत म्हणायच्या, “मला बी तसंच हुतंय, काकी.” प्रत्येकीला वाटत होतं की अख्ख्या गावात आपण एकटीच. सोजराबाई प्रत्येकीला आधी बसवून तांब्याभर पाणी प्यायला लावायची आणि मग नलिनीबाईंनी सांगितलेलं एकही अक्षर न गाळता सांगायची. ताप असला तर गाडी जुंपायला लावायची.

एक दिवस शेजारच्या गल्लीतली एक नवी सून आली. लग्न होऊन चार महिने झालेले, ओठ सुकलेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की दिवसा बाहेर निघाले तर सासू विचारील, लाज कशी न्हाई वाटत, तिला काय सांगू?

सोजराबाईनं तिच्या हातातला रिकामा तांब्या घेतला आणि पुन्हा भरला.

“माजं नाव सांग,” ती म्हणाली. “म्हन, आमच्या राजूनं लाज धरली हुती.”